टाचेची उंची

प्रिय भुंग्या,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहायला बसले. पत्र वाचता वाचता तू ते मध्येच उशीखाली सारलंस तरी मला कळणार नाही, त्यामुळे माझं बोलणं निदान पूर्ण होईल. तू म्हणशील, ताईला काही कामधंदा दिसत नाही. आहे बाबा, चिक्कार आहे. मशीनवर एका टेम्पोची अख्खी ताडपत्री पसरली आहे आणि तिच्या मालकाला ती कालच हवी होती. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. पण खरं सांगायचं तर बरेच दिवस माझ्या डोक्यात ताडपत्री नाही की गिऱ्हाईक नाही. डोक्यात आहेत फक्त बूट. मोटरसायकलवर घालायचे, पाणी आत न शिरणारे बूट. तुझ्यासाठी. हां, आता उशीखाली सारू नकोस, पुढे वाच.

मागे एका भेटीत तू भिंतीकडे तोंड करून म्हणालास, ताई, गाडी विकून टाक. मी गप्प बसले. मी गप्प बसले याचं तुलाही नवल वाटलं असणार, कारण जन्मात कधी तुझं शेवटचं वाक्य मी शेवटचं राहू दिलेलं नाही. पण काय बोलणार होते? ज्या गाडीखाली तुझा डावा पाय सापडला, डॉक्टरांना तो गुडघ्याखाली काढावा लागला, ती गाडी ठेव असं कोणत्या तोंडाने सांगू? मी उशी नीट केली, तुझी पाण्याची बाटली भरली, आणि बाहेर येऊन त्या लांबलचक व्हरांड्यात उभी राहिले. तिथे मला तुझा पाय बनवणाऱ्या बाई भेटल्या. हातात प्लॅस्टरने माखलेली बादली होती. मी सरळ विचारलं, माझा भाऊ परत मोटरसायकल चालवू शकेल का हो? त्या म्हणाल्या, चालवणारे आहेत, सराव हवा, डॉक्टरांचं पत्र हवं, परीक्षा पुन्हा द्यावी लागेल. त्यांना हवंय का, हा प्रश्न आहे. मग बादली खाली ठेवून म्हणाल्या, आणि बूट मात्र शोधून ठेवा, तेच सगळ्यात अवघड जातं.

मला वाटलं चेष्टा करताहेत. बूट काय अवघड? पण त्यांनी समजावलं. आपण बूट घालताना घोटा वाकवतो, पंजा खाली करतो आणि पाय आत सरकवतो. नव्या पायाचा घोटा असा वाकत नाही. त्यामुळे ओढून चढवायचा उंच बूट त्याच्यावर चढतच नाही. बूट वरपासून खालपर्यंत उघडणारा हवा, म्हणजे चेनवाला. आणि आत पाणी तर अजिबात नको. पायाच्या कवचात ते साचून राहतं, आतले धातूचे भाग खराब होतात, आणि ओल वर चढली तर खऱ्या कातडीला फोड येतात. आता तू सांग, चेन म्हणजे काय? दोन्ही बाजूंना दात असलेली फट. आयुष्यभर मी पाणी अडवायची शिवणकामं करते आहे. गाड्यांची आच्छादनं, सामानाच्या पिशव्या, पावसाचे अंगरखे. पाणी कापडातून येत नाही, ते शिलाईतून येतं आणि चेनीतून तर हसत हसत येतं. उघडणारा बूट हवा आणि पाणी न शिरणारा हवा, हे दोन्ही एकदम मागणं म्हणजे खिडकी सताड उघडी ठेवून धूळ येऊ देऊ नकोस म्हणण्यासारखं. पण मला कुणी अमुक होणार नाही म्हटलं की माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे.

मध्ये एक जण गाडी बघायला आलाही होता. तुझे भाऊजी कुणाशी तरी बोलले होते, तू सांगितलंयस म्हणून. घरोघर पंखे दुरुस्त करत फिरणारा माणूस, स्वभावाने वाईट नव्हता, पण आल्या आल्या त्याने टायरला लाथ मारली आणि तिथेच माझ्या मनातून उतरला. मी म्हटलं, गाडी सुरू व्हायला फार त्रास देते हो, सकाळी तर नाकी नऊ आणते. त्याने किल्ली फिरवली आणि तुझी ती लाडकी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. असा राग आला तिचा! भाऊजी मागे तोंड फिरवून हसत होते. शेवटी मी सांगितलं की भावाशी बोलून कळवते, आणि अजून कळवलेलं नाही.

मग बुटांच्या दुकानांच्या फेऱ्या सुरू झाल्या. तुझा उजव्या पायाचा जुना कापडी बूट मापासाठी पिशवीत घेतला. तोच, जो तू भर पावसात माझ्या दुकानात येऊन काढायचास, मोजे मोरीत पिळायचास आणि माझ्या इस्त्रीखाली वाळवायचास. सगळं दुकान ओल्या मोज्यांच्या वासाने भरून जायचं आणि मी ओरडायचे की ही इस्त्री गिऱ्हाइकांच्या कापडासाठी आहे. तू म्हणायचास, रक्ताच्या नळ्या कोरड्या पोचल्या ना प्रयोगशाळेत, मग झालं, पायांना कोण विचारतो. डोंगरातल्या त्या लहान दवाखान्यांतून लोकांचं रक्त तपासायला आणायचास आणि त्या नळ्यांची पेटी मीच दोनदोन थर देऊन शिवलेली. पेटीला दोन थर आणि पायाला कापडी बूट. तेव्हा मला हे विचित्र वाटलं नव्हतं, आता वाटतं.

आता फजितीची गोष्ट. बूट वाकणाऱ्या घोट्याने घालून बघण्यात काय अर्थ? म्हणून मी माझी शिवणकामाची लाकडी पट्टी घेतली, डाव्या पायाच्या मागून पोटरीपासून टाचेपर्यंत लावली, आणि रुंद फितीने घोटा गच्च बांधून टाकला. पाय अगदी ओंडका झाला. आणि तशीच लंगडत दुकानात गेले. पहिल्या दुकानातला माणूस धावत खुर्ची घेऊन आला, म्हणाला, ताई, आधी डॉक्टरकडे जा, बुटांचं नंतर बघू. दुसऱ्या दुकानात मी रबरी उंच बूट मागितले, पाय अर्ध्यावर अडकला तो अडकलाच. दोघांनी मिळून मला ओढलं. एकाने बूट धरला, दुसऱ्याने मला. आजूबाजूची गिऱ्हाइकं तोंडाला रुमाल लावून बघत होती. मी पण हसले, काय करणार? तिसऱ्या दुकानात चामड्याचे चेनवाले होते, दिसायला झकास, पाय अलगद आत गेला. मी चेन उघडून आत बोटं घातली आणि मागचं कापड चाचपलं. चेनीमागे एक पातळ पट्टी होती, पण ती अर्ध्यावरच संपलेली. विकणारा म्हणाला, ताई, मेण लावा, थेंब जाणार नाही. मी म्हटलं, दादा, तुम्ही मेण लावाल तिथे, पाणी मात्र जाईल इथे, आणि बोट बाहेर काढून दाखवलं. तो म्हणाला, तुम्ही बुटांच्या कंपनीतून तपासणीला आलात का? त्या दिवशी घरी येताना मी फार खुशीत होते.

चौथ्या दुकानात एक जोड मिळाला. चेनीमागे अखंड जीभ, दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवलेली, म्हणजे चेन भिजली तरी पाणी जिभेला थडकून खाली उतरणार. शिलाईवर आतून पट्टी चिकटवलेली. घोट्यावर कडक गादी. मी तो घरी आणला आणि तिथे माती खाल्ली. तुला माझी पद्धत माहीत आहे. नवी पिशवी शिवली की मी ती पाण्याने काठोकाठ भरते, आकड्याला टांगते, खाली कोरडा कागद पसरते आणि जेवायला जाते. परत आल्यावर कागदावर डाग नसला तर माल गिऱ्हाइकाला. हात सवयीने चालतात, डोकं नंतर येतं. मी दोन्ही बूट नळाखाली धरले, काठोकाठ भरले आणि टांगले. एक थेंब गळला नाही! भाऊजींना हाक मारून दाखवलं, फक्त नाचायचंच बाकी होतं. मग पाणी ओतून दिलं, बूट उलटे केले, आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला की बुटाला आतून अस्तर असतं. त्या अस्तराने पाणी पिऊन घेतलं होतं, आणि बाहेरचा थर इतका चांगला की ती ओल बाहेर पडायला तयार नाही. कागदाचे बोळे कोंबले, पंख्याखाली ठेवले, उन्हात ठेवले, भाऊजींच्या वाचायच्या दिव्याखाली ठेवले. दिवसामागून दिवस गेले, बूट आपले ओलेच. भाऊजी म्हणाले, आता यात मासे सोड. दुकानदाराने परत घ्यायला साफ नकार दिला आणि त्याचंही बरोबरच आहे, तो तरी कुणाला सांगणार काय झालं ते? दुखणं इतकंच नव्हतं. मी तो बूट तसाच तुझ्या गाडीच्या मिस्त्रीकडे नेला आणि त्याने तो गियरच्या दांड्यापाशी धरून पाहिला. पंजा इतका जाड की दांड्याखाली शिरेना. आता ते बूट भाऊजींचे झाले आहेत. घालून झाडांना पाणी घालतात आणि येणाऱ्या जाणाऱ्याला सांगतात, हे आमच्या बायकोने आतून तपासलेले आहेत.

मिस्त्रीचं नाव निघालं म्हणून सांगते. त्याने तुझी विचारपूस केली नाही, त्याला तसं जमत नाही. नुसता गाडीभोवती फिरला, खाली बसला आणि म्हणाला, गियर पंज्याने वर उचलायची गरजच नाही. दोन्हीकडून दाबायचा लांब दांडा बसवतो. पुढून दाबला की गियर उतरतो, मागून टाचेने दाबला की चढतो. घोटा नाही वाकला तरी चालेल, मांडीतून जोर द्यायचा. मी म्हटलं, बसव. तुला न विचारता म्हटलं, हो. ओरडायचं असेल तर भेटीत ओरड. नको असेल तर जुना दांडा त्याने फडक्यात बांधून ठेवला आहे.

दांडा बसवल्यावर मी घोट्याला पट्टी बांधून गाडी स्टँडवर असताना तिच्यावर बसून पाहिलं. दाबलं तर गियर पडतो, पण पडला की नाही ते पायाला कळत नाही रे. कान देऊन ऐकावं लागतं, गुडघ्यात बारीकसा धक्का येतो तो ओळखावा लागतो. मिस्त्री दुसऱ्या गाडीकडे वळला, मी तशीच बसून राहिले, पुन्हा पुन्हा दाबत. नंतर दुकानात आले, एक गिऱ्हाईक वाट बघत होतं, त्या गडबडीत पट्टी सोडायची राहून गेली. संध्याकाळी पोटमाळ्यावरून कापडाचा तागा काढला आणि जिना उतरायला लागले. वरच्या पायरीवर डावा पाय पुढे टाकला आणि घोटा वाकेना. कापड हातात, कठडा लांब, खाली मशीन. मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले, चांगली हमसून रडले. कारण मला पट्टी सोडता येत होती. मी फीत ओढली की माझा घोटा मला परत. तुला मी रोज सांगत होते, धीर धर, सगळं ठीक होईल, उठून बस, खिडकीतून बाहेर बघ. किती सोपं होतं ते माझ्यासाठी! त्यानंतर मी तुला धीर धर म्हणालेले नाही, तुझ्या लक्षात आलं का?

आणि हे बघ, मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. पाऊस सुरू झाला की मी अजूनही मशीन थांबवते आणि रस्त्याकडे बघते. ज्या उतारावर तुझा अपघात झाला तिथून तू पुन्हा जाशील या विचाराने माझी झोप उडते. मला तुझी गाडी आवडत नाही, कधीच आवडली नाही, लहानपणी तू ओठांनी भुर्रर्र करत घरभर फिरायचास तेव्हाही माझं डोकं उठायचं. तू टेबलावरचं काम घेतलंस, गाडी विकलीस, बसने हिंडलास, तर मी सुखाने झोपेन. पण ते तू नीट बसून, माझ्याकडे बघून, ताई मला आता दुसरं काही करायचंय असं म्हटलंस तर. भिंतीकडे तोंड करून म्हटलेलं मला चालत नाही. तो माणूस माझा भाऊ नाही. त्याच्याशी कसं बोलायचं ते मला येत नाही, म्हणून मी बूट शोधत सुटले.

दुसरा जोड मिळाला, तो एका म्हाताऱ्या बाईंच्या छोट्या दुकानात, गोदामात मागे पडलेला. पंजा बारीक, टाच जरा उंच आणि भक्कम, तळ ओल्या फरशीवर घट्ट पकडणारा. चेन बाहेरच्या बाजूने, म्हणजे गाडीला घासणार नाही. चेनीवर वरून झाकण, मागे अखंड जीभ. पट्टी बांधलेला पाय पहिल्याच वेळी आत गेला. त्या बाईंनी माझ्या पायाकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं आणि विचारलं, कुणासाठी? दुसऱ्या कुणीच असं विचारलं नव्हतं. मी सांगितलं, धाकट्या भावासाठी. त्यांनी बुटांना पुन्हा एकदा फडकं मारलं. या वेळी मी शहाणी झाले होते, बाहेरून तपासले. चार मोजे चढवून तुझ्या मापाचे बूट घातले, न्हाणीघरात टबमध्ये घोटाभर पाणी घेतलं आणि स्टुलावर बसले. भाऊजी दाढी करायला आले, मला पूर्ण कपड्यात, बूट घालून पाण्यात पाय सोडून वर्तमानपत्र वाचताना पाहिलं आणि आल्या पावली परत गेले. पाणी वाढवलं, पाय हलवले, चेनीवर नळ सोडला. मोजे कोरडे निघाले. अगदी कोरडे.

आता पत्र कशासाठी ते सांगते. काल तुझ्या वॉर्डातल्या नर्सबाईंचा फोन आला. तू निरोप दिलास, घरातल्या सपाट चपला पाठव, पाय बसवायचा आहे. मी चपला शोधल्या, पुसल्या, आणि मग मनात काय आलं कोण जाणे, पायवाल्या बाईंना फोन करून विचारलं की चपला कशाला लागतात. त्या म्हणाल्या, पाय नेहमीच्या पायताणाच्या टाचेच्या उंचीप्रमाणे बसवतात. सपाट चपलेवर बसवला तर तो सपाट चपलेचा पाय होतो. नंतर उंच टाचेचा बूट घातला तर माणूस पुढे ढकलला जातो, तोल राहत नाही. बदलता येतं, पण मग पुन्हा सगळी मांडणी, पुन्हा चालायला शिकणं. त्यांनी तुला हे सांगितलं होतं म्हणे, आणि तू म्हणालास, पलंगापासून खिडकीपर्यंत जायला चपला पुरतात. हे ऐकून मी खोक्यात फक्त बूट भरले, चपला कपाटावर फेकल्या, दोरी बांधली, गाठ मारली. खोकं पाठवायला निघाले, पण दारातून परत फिरले आणि गाठ सोडली. पाय तुझा आहे भुंग्या, त्यावर उभं तुला राहायचं आहे, माझ्या हट्टावर नाही. त्यामुळे खोक्यात दोन्ही आहेत, बूट खाली, चपला वर आणि सगळ्यात वर हे पत्र. पाय बसवताना बाई विचारतील तेव्हा एक काढून त्यांच्या हातात दे. चपला दिल्यास तर मी कुरकुर करणार नाही, तुला घ्यायला येईन आणि पलंग खिडकीपाशी सरकवून देईन. पण मला काय हवंय ते मी लपवणार नाही, मला ते जमत नाही. बूट दे रे. गाडीवर कधीच बसला नाहीस तरी चालेल, पण खिडकीच्या पलीकडे जाणारा पाय करून घे.

तुझीच, आणि तुझ्या उत्तराची वाट बघत मशीन बंद ठेवून बसलेली,
ताई